रूकी कार्ड म्हणजे काय? माळ्यावरच्या जुन्या क्रिकेट कार्डांचे खरंच लाखो रुपये मिळतात का?

ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेतल्या हेरिटेज ऑक्शन्स या लिलाव कंपनीनं पुठ्ठ्याचा एक छोटासा तुकडा विकला. त्यावर मिकी मँटल या बेसबॉलपटूचं चित्र होतं आणि छपाईचं वर्ष होतं १९५२. किंमत आली १ कोटी २६ लाख डॉलर्स. तेव्हाच्या दरानं साधारण १०० कोटी रुपये.

अशी बातमी आली की तिचे रील्स फिरू लागतात. मग पनवेलपासून परभणीपर्यंत अनेकांना माळ्यावरचा तो जुना बिस्किटांचा डबा आठवतो. त्यात बबलगमसोबत आलेले क्रिकेटपटूंचे फोटो असतात, डब्ल्यूडब्ल्यूईची ट्रम्प कार्डं असतात आणि कुठेतरी तळाशी सचिनही असतो. मग प्रश्न पडतो, यातलं एखादं कार्ड आपल्यालाही मालामाल करेल का?

थोडक्यात उत्तर: बहुतेक वेळा नाही. आपल्याकडे 'जुनं ते सोनं' म्हणतात, पण कार्डांच्या बाजारात नुसत्या जुनेपणाला फारशी किंमत नसते. हे कार्ड पहिलं आहे, दुर्मीळ आहे, अस्सल आहे आणि चांगल्या स्थितीत आहे, या चार गोष्टींच्या पुराव्याला तिथे पैसे मिळतात. भारतातल्या जुन्या कार्डांचं घोडं नेमकं याच पुराव्यावर अडतं.

रूकी कार्ड म्हणजे नेमकं काय?

रूकी म्हणजे नवखा खेळाडू. एखादा खेळाडू वरच्या पातळीवर खेळू लागल्यानंतर अधिकृत, मोठ्या कार्ड-संचात त्याचं जे पहिलं कार्ड येतं, त्याला ढोबळमानानं रूकी कार्ड म्हणतात. पुढे तो खेळाडू महान ठरला तर त्याची शेकडो कार्डं निघतात. 'पहिलं' मात्र एकच वर्ष असतं, म्हणून मागणी त्यालाच जास्त.

अमेरिकेत हे ठरवणं सोपं जातं, कारण तिथे दरवर्षी क्रमांक घातलेले संच निघतात. टॉप्स या च्युइंगगम कंपनीनं १९५२ साली ४०७ कार्डांचा मोठा बेसबॉल संच काढला आणि त्यानंतर हा दरवर्षीचा रिवाजच झाला. कोणता खेळाडू कोणत्या वर्षी, कोणत्या क्रमांकावर पहिल्यांदा आला, याची नोंद राहिली. २००६ पासून तर बेसबॉलच्या अधिकृत रूकी कार्डांवर तसं चिन्हच छापलं जातं.

तरीही गोंधळ होतोच. १०० कोटींचं ते मँटलचं कार्ड मुळात त्याचं रूकी कार्ड नाही. मँटलचं रूकी कार्ड बोमन कंपनीनं १९५१ साली काढलं होतं. माइक ट्राउट या आजच्या काळातल्या खेळाडूचं एक कार्ड ऑगस्ट २०२० मध्ये ३९ लाखांहून अधिक डॉलर्सना विकलं गेलं. ते छापलं होतं २००९ साली, तर ट्राउट मेजर लीगमध्ये पहिल्यांदा खेळला २०११ साली. म्हणजे ते 'होतकरू खेळाडू' या गटातलं कार्ड होतं. त्याचं अधिकृत रूकी कार्ड २०११ चं आहे आणि ते कितीतरी स्वस्त मिळतं.

म्हणजेच 'रूकी' असणं महत्त्वाचं असलं तरी किंमत तेवढ्यावर ठरत नाही.

मग किंमत कशावर ठरते?

पहिला मुद्दा अर्थातच खेळाडू कोण आहे हा. पण त्याहून मोठा प्रश्न असतो, त्या कार्डाच्या किती प्रती उरल्या आहेत?

होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचं उदाहरण प्रसिद्ध आहे. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनी सिगारेटच्या पाकिटात खेळाडूंची कार्डं टाकायची. वॅग्नर यांनी आपलं कार्ड छापायला हरकत घेतली आणि छपाई थांबली. तंबाखूच्या प्रचाराला त्यांचा विरोध होता असं एक मत आहे, तर मोबदल्यावरून बिनसलं असं दुसरं. कारण काहीही असो, आज त्या कार्डाच्या साठेक प्रतीच असल्याचं मानलं जातं. त्यातली एक २०२२ मध्ये ७२ लाख ५० हजार डॉलर्सना विकली गेली.

मँटलच्या १९५२ च्या कार्डाची गोष्टही अशीच आहे. त्या संचाचा शेवटचा भाग बाजारात आला तोवर बेसबॉलचा हंगाम संपत आला होता. माल पडून राहिला. टॉप्सचे अधिकारी साय बर्गर यांनी पुढे सांगितलेल्या हकिकतीनुसार, गोदामातली जागा मोकळी करण्यासाठी १९६० साली उरलेली खोकी बोटीतून नेऊन अटलांटिक समुद्रात बुडवण्यात आली. कचरा म्हणून फेकलेलं ते कार्ड आज जगातल्या सर्वात महागड्या कार्डांत गणलं जातं.

सगळ्यांनीच जपून ठेवलं तर?

अशा बातम्या वाचून १९८० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत लाखो लोकांनी कार्डं विकत घेऊन कपाटात ठेवायला सुरुवात केली. मुलांच्या शिक्षणाला उपयोगी पडतील, निवृत्तीनंतर विकता येतील, असा हिशोब होता. मागणी बघून कंपन्यांनीही भरमसाट छपाई केली.

व्हायचं तेच झालं. आधीच्या पिढीची कार्डं दुर्मीळ झाली कारण ती कुणी जपली नव्हती. या पिढीची कार्डं सगळ्यांनीच जपली, त्यामुळे ती दुर्मीळ झालीच नाहीत. आज अमेरिकेत त्या काळाला 'जंक वॅक्स' म्हणजे रद्दीचा काळ म्हणतात. वॅक्स म्हणजे कार्डांच्या पाकिटाचा मेणकागद. तीस-पस्तीस वर्षं जुन्या त्या संचांपैकी बरेच आजही किरकोळ भावात मिळतात.

कार्ड जुनं असेल, पण तसंच लाखो घरांत पडून असेल, तर त्याला गिऱ्हाईक मिळत नाही.

ग्रेडिंग म्हणजे काय?

समजा कार्ड दुर्मीळ आहे. पण ते खरं आहे आणि चांगल्या स्थितीत आहे, हे समोरच्यानं कसं मानायचं? त्यासाठी ग्रेडिंग कंपन्या असतात. पीएसए ही त्यातली सर्वात नावाजलेली. तिनं १९९१ साली काम सुरू केलं. मँटलच्या विक्रमी कार्डाला एसजीसी या दुसऱ्या कंपनीनं ९.५ गुण दिले होते.

या कंपन्या मुख्यतः चार गोष्टी तपासतात. चित्र कार्डाच्या मधोमध छापलंय का, कोपरे टोकदार आहेत का, कडा स्वच्छ आहेत का आणि पृष्ठभागावर ओरखडे, डाग किंवा घडी आहे का. मग १ ते १० या पट्टीवर गुण देऊन कार्ड कडक प्लास्टिकच्या सीलबंद पेटीत घालतात. त्या पेटीला 'स्लॅब' म्हणतात. तेच कार्ड १० गुणांचं असेल तर ५ गुणांच्या कार्डापेक्षा कित्येक पट महाग जातं.

पण हा पुरावाही शंभर टक्के बिनचूक नसतो. पीएसएनं १९९१ साली सर्वात पहिल्यांदा प्रमाणित केलेलं कार्ड म्हणजे वॅग्नरचीच एक प्रत. तिला ८ गुण मिळाले होते आणि २००७ साली ती २८ लाख डॉलर्सना विकली गेली. पुढे बिल मॅस्ट्रो या लिलाव व्यावसायिकानं २०१३ साली न्यायालयात कबुली दिली, की या कार्डाच्या कडा आपण कापून नीट केल्या होत्या. कडा कापलेलं कार्ड म्हणजे छेडछाड झालेलं कार्ड. लिलावांतल्या फसवणुकीच्या प्रकरणात २०१५ साली त्याला २० महिन्यांची शिक्षा झाली.

म्हणून मुरलेले संग्राहक केवळ स्लॅबवरचा आकडा बघत नाहीत. कार्ड आजवर कुणाकुणाकडे होतं, हेही ते विचारतात.

भारतात अशी कार्डं होती का?

होती, पण त्यांचा वापर वेगळा होता.

क्रिकेटच्या कार्डांची सुरुवात इंग्लंडमध्ये सिगारेटच्या पाकिटातून झाली. विल्स कंपनीनं १८९६ साली ५० क्रिकेटपटूंचा संच काढला होता. त्या काळातल्या अनेक सिगारेट कार्डांवर इंग्लंडकडून खेळणारे रणजितसिंहजी दिसतात.

स्वतंत्र भारतात कार्डं मुलांपर्यंत पोहोचली ती गोळ्या-बिस्किटांच्या मार्गानं. १९८० च्या दशकात बिग फन बबलगमसोबत क्रिकेटपटूंचे छोटे फोटो मिळायचे. त्यांवर धावा आणि विकेट्स छापलेल्या असत. ठरावीक धावा जमल्या की त्या देऊन बक्षीस घ्यायचं. १९९९ च्या वर्ल्ड कपच्या वेळी ब्रिटानियानं बिस्किटांच्या पुड्यांवर धावा छापल्या. घराघरांतली मुलं ते तुकडे कापून जमवत होती.

यातला फरक लक्षात घ्या. अमेरिकन मुलाकडे कार्ड स्वतःजवळ ठेवण्यासाठी यायचं. आपल्याकडे बऱ्याचदा ते जमवून परत देण्यासाठी असायचं. जे घरात राहिलं त्याच्याशी मुलं मनसोक्त खेळली. डब्ल्यूडब्ल्यूईची ट्रम्प कार्डं ज्यांनी खेळली आहेत, त्यांना 'रँक किती, चेस्ट किती, बायसेप किती' हे आजही आठवत असेल. मधल्या सुट्टीत शेकडो वेळा पिसलेल्या, रबरबँड लावून दप्तरात कोंबलेल्या कार्डाचे कोपरे टोकदार राहणार कसे? शिवाय अशा संचांच्या अनधिकृत नकलाही शाळेसमोरच्या दुकानात सर्रास मिळायच्या.

पुढे टॉप्सनं आयपीएलच्या परवान्यानं 'क्रिकेट अटॅक्स' ही कार्डं भारतात आणली. ती अधिकृत होती, क्रमांक घातलेली होती. पण तीही मुख्यतः खेळण्यासाठी आणि मोठ्या संख्येनं विकण्यासाठी होती.

सचिनचं रूकी कार्ड कोणतं?

सचिन तेंडुलकरनं १० डिसेंबर १९८८ रोजी वानखेडेवर गुजरातविरुद्ध रणजी पदार्पण केलं आणि नाबाद शतक ठोकलं. पहिली कसोटी खेळला १५ नोव्हेंबर १९८९ रोजी कराचीत. या दोन्ही तारखा पक्क्या आहेत. पण त्या काळात भारतात टॉप्ससारखा दरवर्षी निघणारा, सगळे खेळाडू असलेला अधिकृत संच नव्हता. वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या कंपन्यांनी, कधी गमसोबत तर कधी मासिकासोबत कार्डं काढली. त्यामुळे 'हेच सचिनचं पहिलं कार्ड' असं सगळ्यांनी एकमतानं मान्य केलेलं कार्ड सांगता येत नाही.

अनेक कार्डांवर वर्ष छापलेलं नसतं. किती प्रती छापल्या याची नोंद नसते. परवाना होता की नव्हता, हेही कळत नाही. मग विकणारा म्हणतो 'हे १९८९ चं आहे' आणि घेणाऱ्याला ते पडताळून पाहायची सोय नसते. जिथे पडताळणी नाही, तिथे मोठी रक्कम द्यायला कुणी तयार होत नाही.

याउलट पोस्टाचं तिकीट बघा. १४ नोव्हेंबर २०१३ रोजी, सचिनच्या शेवटच्या कसोटीच्या पहिल्या दिवशी, डाक विभागानं त्याच्यावरची तिकिटं प्रसिद्ध केली. कुणी छापलं, कधी छापलं, किती छापलं, सगळं नोंदलेलं. इथे 'पहिलं' आणि 'अस्सल' यावर वाद नाही. पण प्रती भरपूर असल्यामुळे तीही सहज मिळतात. कागद अस्सल असणं ही पहिली पायरी झाली, दुर्मीळ असणं ही दुसरी. दोन्ही असल्याशिवाय भाव चढत नाही.

तेंडुलकर की कांबळी? रूकी कार्डातला खरा जुगार

रूकी कार्डाचा धंदा समजून घ्यायला मुंबईच्या शालेय क्रिकेटसारखं उदाहरण नाही.

फेब्रुवारी १९८८. हॅरिस शिल्डच्या सामन्यात शारदाश्रमच्या दोन मुलांनी ६६४ धावांची नाबाद भागीदारी केली. सचिन तेंडुलकर नाबाद ३२६, विनोद कांबळी नाबाद ३४९. आता अशी कल्पना करा, की त्याच महिन्यात दोघांची कार्डं निघाली आणि खिशात एकाच कार्डापुरते पैसे आहेत. कुणाचं घ्यायचं?

धावफलक बघणाऱ्यानं कांबळीचं घेतलं असतं. पुढची काही वर्षं तो निर्णय बरोबरही वाटला असता. कांबळीनं १९९३ साली पाठोपाठच्या कसोटींत इंग्लंडविरुद्ध २२४ आणि झिम्बाब्वेविरुद्ध २२७ धावा केल्या. १७ कसोटींनंतर त्याची सरासरी ५४.२० होती. पण १९९५ नंतर तो कसोटी खेळला नाही. तेव्हा त्याचं वय अवघं २३ होतं. सचिन २०१३ पर्यंत २०० कसोटी खेळला आणि १५,९२१ धावांवर थांबला.

गुणवत्ता दोघांकडे होती. पण दुखापत, फॉर्म, निवड, आयुष्यातली वळणं, यातलं काहीच पहिल्या कार्डावर छापलेलं नसतं. बेसबॉलमध्ये दरवर्षी असे कित्येक नवखे येतात, त्यांची कार्डं झपाट्यानं चढतात आणि दोन-तीन हंगामांत विसरली जातात. बातमी मात्र ट्राउटच्या कार्डाची होते.

आजचंच बघा. वैभव सूर्यवंशीनं १४ व्या वर्षी, २८ एप्रिल २०२५ रोजी ३५ चेंडूंत आयपीएल शतक केलं. सायन-पनवेल महामार्गावरच्या नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला हरवून पहिल्यांदा वर्ल्ड कप जिंकला. त्या अंतिम सामन्यात ८७ धावा करणारी शफाली वर्मा तेव्हा २१ वर्षांची होती. या खेळाडूंची सुरुवातीची कार्डं जपावीशी वाटणं साहजिक आहे. आवड म्हणून जरूर जपावीत. पण 'वीस वर्षांनी करोड मिळतील' हे आज कुणीही ठामपणे सांगू शकत नाही, आणि जो सांगतो त्याला बहुधा तेच कार्ड विकायचं असतं.

नव्या कार्डांत पुरावा आधीच घालतात

अमेरिकन कंपन्यांनी आता यावर एक तोडगा काढला आहे. टॉप्सनं मेजर लीगमध्ये पदार्पण करणाऱ्या खेळाडूच्या जर्सीवर त्या दिवसापुरती खास पट्टी लावायला सुरुवात केली. सामन्यानंतर ती काढून, खेळाडूच्या सहीसह, एकाच कार्डात बसवतात. पॉल स्कीन्स या गोलंदाजाचं असं एकमेव कार्ड कॅलिफोर्नियातल्या ११ वर्षांच्या मुलाला पाकिटात सापडलं. मार्च २०२५ मध्ये ते ११ लाख १० हजार डॉलर्सना, म्हणजे साडेनऊ कोटी रुपयांच्या आसपास विकलं गेलं.

या कार्डाचं वय फार तर काही महिने होतं. तरी ही किंमत आली, कारण 'पहिलं' आणि 'एकमेव' या दोन्हींचा पुरावा कार्डातच होता.

डिजिटल कार्डांचं काय?

भारतात २०२२ च्या सुमारास डिजिटल क्रिकेट कार्डांची, म्हणजे एनएफटीची लाट आली. रारिओ या कंपनीनं एप्रिल २०२२ मध्ये १२ कोटी डॉलर्सची गुंतवणूक मिळवली. मोबाइलवर घ्यायची, मोबाइलवरच विकायची अशी ही कार्डं. पण त्याच वर्षी जगभरात एनएफटीचा बाजार घसरला.

यातून एक महत्त्वाचा खटलाही उभा राहिला. रारिओची मूळ कंपनी आणि काही क्रिकेटपटू एमपीएल आणि तिच्या 'स्ट्रायकर' या खेळाविरोधात दिल्ली उच्च न्यायालयात गेले. खेळाडूंची नावं आणि चित्रं वापरण्याचा परवाना आमच्याकडे असताना दुसरे तशीच कार्डं काढतात, अशी तक्रार होती. २६ एप्रिल २०२३ रोजी न्यायमूर्ती अमित बन्सल यांनी अंतरिम मनाई द्यायला नकार दिला. खेळाडूचं नाव आणि कामगिरीची आकडेवारी ही सार्वजनिक माहिती आहे आणि चित्रकलेच्या स्वरूपात तिचा वापर करणं अभिव्यक्तिस्वातंत्र्यात बसतं, असा त्याचा आशय होता.

घेणाऱ्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. कार्डावर खेळाडूचं नाव आणि चित्र आहे, एवढ्यावरून ते अधिकृत ठरत नाही.

करही लक्षात ठेवायला हवा. १ एप्रिल २०२२ पासून एनएफटीसारख्या आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर लागतो आणि एका व्यवहारातला तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा करता येत नाही. १ जुलै २०२२ पासून व्यवहारांवर १ टक्का टीडीएसही लागू झाला.

घरात जुनी कार्डं असतील तर काय करायचं?

लॅमिनेट करू नका. आपल्याकडे कोणताही कागद जपायचा म्हटलं की झेरॉक्सच्या दुकानात नेऊन लॅमिनेशन करतात. कार्डाच्या बाबतीत ही सर्वात महागात पडणारी चूक. उष्णतेनं चिकटलेलं प्लास्टिक कार्डाचं नुकसान न करता निघत नाही आणि संग्राहकाच्या दृष्टीनं कार्डाची किंमत तिथेच संपते.

पुसू नका, कापू नका, चिकटवू नका. डाग पुसायला गेलात तर छपाई निघते. वाकड्या कडा सरळ कापल्या की ती छेडछाड ठरते. वहीत फेव्हिकॉलनं चिकटवलेली कार्डं ओढून काढू नका.

दमटपणापासून वाचवा. पनवेलसारख्या कोकणपट्ट्यातल्या शहरात पावसाळ्याचे चार महिने कागदाचे वैरी असतात. पुठ्ठा वाकतो, गुळगुळीत पृष्ठभाग एकमेकांना चिकटतो, बुरशी धरते. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मुंबई-ठाणे-रायगड पट्ट्यातल्या असंख्य तळमजल्यांत पाणी शिरलं होतं, त्यामुळे जमिनीलगतचा कप्पाही नको. प्रत्येक कार्ड आधी पातळ पारदर्शक पाकिटात, मग कडक प्लास्टिकच्या कव्हरमध्ये ठेवावं. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून तो बाहेरच्या भिंतीपासून लांब, उंचावर ठेवावा. रबरबँड नको.

आधी ओळख पटवा. कार्डावर कंपनीचं नाव आहे का, वर्ष आहे का, क्रमांक आहे का, मागे परवान्याचा उल्लेख आहे का, हे बघा. सोबतचं पाकीट किंवा वेष्टण असेल तर तेही ठेवा, कारण वर्ष सिद्ध करायला त्याचा उपयोग होतो.

सांगितलेली किंमत आणि विकली गेलेली किंमत वेगळी असते. एखाद्यानं ईबेवर सचिनच्या कार्डाला दहा लाखांचा भाव लावला, म्हणजे ते दहा लाखांना विकलं गेलं असं नाही. तिथे झालेल्या विक्रीचे आकडे वेगळे बघता येतात, तेच खरे. ईबेची भारतातली वेगळी साइट २०१८ मध्ये बंद झाली, पण आंतरराष्ट्रीय साइटवर हे आकडे दिसतात.

ग्रेडिंगचा हिशोब आधी करा. तपासणीची फी, अमेरिकेला जाण्या-येण्याचा खर्च, विमा आणि परत येताना लागू शकणारी कस्टम ड्युटी धरली तर साधं कार्ड पाठवणं आतबट्ट्याचं ठरतं. अमेरिकेनं नियम बदलल्यामुळे २५ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय टपाल खात्याला तिकडची बहुतेक पार्सलं थांबवावी लागली होती. ती सेवा १५ ऑक्टोबर २०२५ रोजी पुन्हा सुरू झाली. त्यामुळे पाठवण्याआधी चालू नियम विचारून घ्यावेत.

'तुमचं कार्ड पाच लाखांना घेतो' असा मेसेज आला तर?

इथे सर्वात जास्त सावध राहायला हवं. जुनी नाणी आणि नोटांच्या बाबतीत हा सापळा वर्षानुवर्षं चालू आहे. आधी मोठी रक्कम कबूल करायची, मग नोंदणी फी, कर, कमिशन किंवा 'रिझर्व्ह बँकेची परवानगी' अशा नावांनी पैसे मागायचे. ४ ऑगस्ट २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेनंच पत्रक काढून स्पष्ट केलं, की अशा व्यवहारांशी आपला संबंध नाही आणि आपण त्यासाठी कोणतंही शुल्क घेत नाही. हीच पद्धत जुन्या क्रिकेट कार्डांसाठी वापरायला फसवणाऱ्याला काहीच अडचण नाही.

नियम एकच ठेवा. वस्तू विकणाऱ्याला पैसे मिळतात, त्याला पैसे भरावे लागत नाहीत. घेणारा आधी फी मागत असेल, पैसे 'मिळवण्यासाठी' क्यूआर कोड स्कॅन करायला किंवा पिन टाकायला सांगत असेल, तर तिथेच थांबा. फसवणूक झाली असेल तर लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर तक्रार, तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त.

मग ती कार्डं टाकून द्यायची का?

मुळीच नाही. आपल्याकडे या कार्डांच्या नोंदीच झालेल्या नाहीत. कोणत्या कंपनीनं कोणत्या वर्षी किती खेळाडूंचा संच काढला, त्याची खात्रीची यादी नाही. ती झाली तर ज्यांच्या डब्यात पूर्ण संच, वेष्टणं आणि तारखा जपलेल्या आहेत, त्यांच्याकडूनच होणार. पुण्यातल्या ब्लेड्स ऑफ ग्लोरी या क्रिकेट संग्रहालयासारखी उदाहरणं दाखवतात, की खाजगी हौसेतूनही मोठा ठेवा उभा राहतो. २०१२ साली त्याचं उद्घाटन सचिननंच केलं होतं.

त्यामुळे माळ्यावरचा डबा खाली काढा, कार्डं कोरडी करून नीट ठेवा आणि ती कुठून, कधी आली हे आठवत असेल तर एका कागदावर लिहून त्यातच ठेवा. लाखो रुपये मिळोत न मिळोत, त्या कार्डांना आजवर जो पुरावा नव्हता, त्याची सुरुवात त्या चिठ्ठीनं होईल.